सुभद्रानं पाहिलेला दुसरा भाग

पुसेगावच्या रखमाजी धनगराला अमेरिका कुठं आहे हे ठाऊक नव्हतं, पण अमेरिकेतला एक डाकवाला साहेब त्याला सख्ख्या भावाइतका ठाऊक होता. त्या साहेबावरून रखमाजीच्या घरात जे झालं, ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच्या बायकोनं, सुभद्राबाईनं सांगितलं. सांगताना ती हसत होती, पण सगळ्याच जागी नाही.

रखमाजीकडं तीसेक मेंढरं होती, कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा होता आणि ओसरीवर खड्ड्यातला माग होता. तो घोंगड्या विणायचा. सुभद्रा त्याच्या पाठीमागं बसून लोकर कातायची. वर्षाचा माल दसऱ्याला गाडीत घालून रखमाजी हिंगोलीच्या जत्रेत न्यायचा आणि दहा दिवस तिथंच राहायचा. दिवसा विक्री आणि दिवेलागणीला तंबूतला सिनेमा. पडदा तेव्हा आमच्याकडं मुका होता. मोठ्या शहरांत चित्रं बोलायला लागून चार-पाच वर्षं झाली होती, पण तंबूत जुनीच रिळं फिरत. पडद्याशेजारी उत्तमसिंग नावाचा उंच माणूस हातात काठी घेऊन उभा राही आणि साहेब काय म्हणतो, मेम काय म्हणते ते दखनीत मोठ्यानं समजावून सांगे.

सन छत्तीसच्या दसऱ्याला डाकवाल्याचा पहिला भाग आला. रखमाजीनं तो चार वेळा पाहिला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मागावर बसून त्यानं गोष्ट सुरू केली. डाकवाला साहेब लोकांच्या चिठ्ठ्या विमानातून नेतो. खाली नुसता बर्फाचा डोंगर. डोंगराच्या पायथ्याला एका झोपडीत मेम राहते, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानवाल्यांना चहा पाजते. तिच्या ओठाजवळ तीळ आहे. साहेबाचा थोरला भाऊ सरकारी डाक लुटणाऱ्यांना सामील झालाय, त्याचा एक कान तुटका आहे. रखमाजी सांगताना हातातला धोटा विमानासारखा फिरवायचा. तोंडानं घरघर करायचा. चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी वाळत टाकलेली असली की तो तिला बर्फाचा डोंगर करायचा, मग ती काळी असली तरी.

अन् शेवटी? शेवटी भाऊ खालून गोळी घालतो, साहेबाचा डावा हात निकामी होतो, विमानाचे दोन्ही पंख पेटतात, समोर डोंगर, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात.

"मंग?" ऐकणारे विचारत.

"मंग काई न्हाई. बाकी दुसऱ्या भागात."

"आन् दुसरा भाग कवा?"

"आता पुढच्या दसऱ्याला."

असा त्या हिवाळ्यात पुसेगावचा जीव डोंगरासमोर टांगून राहिला. रखमाजीच्या ओसरीवर रोज दुपारी माणसं जमत. किसनराव म्हणून गावातले मोठे जमीनदार होते, तेसुद्धा खाट टाकायला लावून बसत. साहेब वाचणार कसा यावर वाद झडत. किसनराव म्हणत, "मेला तो. दुसऱ्या भागात त्याचा पोरगा असंल. असंच असतं, बाप मेला की पोरगं सूड घेतं."

"त्याचं लग्नच न्हाई झालं, मालक."

"मंग पुतन्या असंल."

म्हातारी बनाबाई शेजारच्या घरातून भिंतीवरून बोले, "साहेबाच्या गोष्टीत देव काहून येत न्हाई रे? एवढी आग लागली तर कुनीतरी धावून आलं पायजे."

यावर रखमाजीचं उत्तर ठरलेलं होतं. "त्येच तर हाये, मावशी. आपल्या गोष्टीत देव येतो, शाप येतो, मागल्या जन्माचं काहीतरी निघतं. साहेबाच्या गोष्टीत काहीच न्हाई. मानूस पडला की पडला. वाचला तर सोताच्या अकलेनं. माय कोन, बाप कोन, तेबी सांगत न्हाईत. एकदम मधातूनच सुरू."

हे बोलताना त्याचा आवाज जड होई. गावात त्याचं कुणी कधी असं कान देऊन ऐकलं नव्हतं. आता पार पलीकडच्या वाडीचे लोक येत आणि म्हणत, रखमाजी, पहिल्यापासून सांग.

सुभद्रा मागं बसून सूत कातत सगळं ऐकायची. पंचवीस-तीस वेळा तिनं ते ऐकलं असेल. सिनेमा मात्र तिनं जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या चैत्रात तिच्या भावाला, संतरामला, मुलगी झाली. तो पूर्णा जंक्शनला इंजिनात कोळसा भरण्याच्या कामावर होता. बारशाला सुभद्रा आठ दिवस गेली. स्टेशनामागच्या मैदानात तोच तंबू लागलेला होता, तोच उत्तमसिंग काठी घेऊन उभा होता. संतराम बहिणीला घेऊन गेला. बाहेरच्या पाटीवर विमान काढलेलं होतं. सुभद्रा मला म्हणाली, "मी विमान पाह्यलं आन् पाटीपुढंच उभी राह्यले. म्हनलं, ह्यो तर आमच्या घरातला मानूस."

तिनं दुसरा भाग पाहिला. परतीच्या गाडीत ती सगळ्या वाटेनं मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा म्हणत आली, एकही गोष्ट सांडू नये म्हणून. नवऱ्याला सांगायचं होतं. आधी त्याला, मग बाकीच्यांना.

पण ती घरी पोचली तेव्हा ओसरीवर दहा-बारा माणसं बसलेली होती आणि रखमाजीचा धोटा हवेत होता. तिला धीर निघाला नाही. डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "अवो, म्या दुसरा भाग पाहून आले."

धोटा हवेतच राहिला. मग किसनराव खाटेवरून पुढं सरकले. "काय म्हनतीस? वाचला का साहेब?"

सुभद्रानं नवऱ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, तो म्हणेल, सांग. त्यानं धोटा खाली ठेवला.

"आदी पानी दे," तो म्हणाला. "उन्हातून आली, आन् लागली बोलायला."

माणसं उठून गेल्यावर ती त्याच्याजवळ बसली. "सांगू का तुमाला? आदी तुमालाच सांगायचं व्हतं."

"मला न्हाई ऐकायचं. मी सोता पाहीन."

"अवो, पन तो—"

"म्हनलं ना, न्हाई ऐकायचं!"

तो भांडला नाही, ओरडलाही फारसा नाही. उठून मेंढरांकडं गेला. पण त्या दिवशी मेंढरांमागं फिरताना त्याच्या मनात एकच गोष्ट सलत होती, हे त्यानं पुढं कबूल केलं. चार वेळा पहिला भाग पाहणारा मी, अख्खा हिवाळा साहेबाला जिवंत ठेवणारा मी, आणि दुसरा भाग हिनं पाहावा? जिला गोष्ट माझ्याच तोंडून कळली, तिनं?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी सुभद्राला घेरलं. तिनं सांगितलं.

ती त्याच्यासारखं सांगत नव्हती. घरघर नाही, हातवारे नाहीत. साहेबाचं विमान बर्फात कोसळलं आणि बर्फ मऊ म्हणून तो वाचला, हे तिनं दोन वाक्यांत उरकलं. पण मेम त्याला शोधायला निघते तेव्हा आधी चुलीवरची किटली उतरवून ठेवते, विस्तव राखेत झाकते, मग दार ओढून घेते, हे तिनं असं सांगितलं की बायकांना वाटलं आपणच घर सोडून निघालोत. तुटक्या कानाचा भाऊ शेवटी धाकट्याला खांद्यावर घेऊन बर्फातून चालतो आणि झोपडीच्या दाराशी पोचल्यावर आत जात नाही, बाहेरच उभा राहतो, तिथं दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला.

"आन् एक सांगू?" सुभद्रा म्हणाली. "मेम ती न्हवतीच."

"म्हंजी?"

"आमच्या घरचे सांगतात, ओठाजवळ तीळ. सुरवातीला मागलं थोडं दाखवलं, त्यात तीळवालीच व्हती; पुढं जी आली तिला तीळ न्हवता. मी नीट पाह्यलं. तोंडच येगळं. झोपडी तीच, कपडे तेच, साहेब तोच. बाई दुसरी."

"आन् साहेबानं इचारलं न्हाई, तू कोन म्हनून?"

"न्हाई. त्याला कळालंच न्हाई."

बायका आधी हसल्या, मग हसू थांबलं. बनाबाई म्हणाली, "पहिलीला सांगितलं तरी असंल का, बाई, तुला काढलं म्हनून?"

पंधरा दिवसांत ओसरीवरची माणसं निम्म्यावर आली. बायका सुभद्राकडं लोकर कातायच्या निमित्तानं परसात बसत, आणि त्यांचे नवरे जेवताना घरीच दुसरा भाग ऐकत. किसनरावांनी तर सरळ बनाबाईला बोलावून सगळी गोष्ट काढून घेतली. रखमाजी मागावर बसला की परसातून हसण्याचा आवाज येई आणि तो फणी जोरजोरात ठोकू लागे. एखादा शब्द भिंतीपलीकडून आलाच तर ऐकायचा नाही म्हणायचा आणि हातही थांबायचा. असं करता करता तुकड्यातुकड्यानं सगळाच दुसरा भाग त्याच्या कानी पडला. कुणी त्याला मुद्दाम सांगितला असता तर तो एवढा जळला नसता.

मग तो खोट काढायला लागला. सरळ तिला बोलत नसे, बनाबाईला ऐकवी. "मावशी, विचारा बरं, दोन्ही पंख पेटल्यावर इमान बर्फापावतर आलंच कसं?"

परसातून उत्तर येई, "मावशी, सांगा त्यांना, एकच पंख पेटला व्हता."

"दोन्ही! म्या डोळ्यानं पाह्यलं, चार बार!"

"मी जे पाह्यलं ते सांगून राहिले. एकच."

मध्ये बसलेल्या बनाबाईची मान दोन्हीकडं वळायची. गावाला हे भांडण गोष्टीपेक्षा गोड लागायला लागलं. निम्मं गाव एका पंखाचं, निम्मं दोन पंखांचं.

एका दुपारी किसनरावांनी ओसरीवर हसत हसत विचारलं, "रखमाजी, आन् ते मेम बदलल्याचं रे?"

तिथं रखमाजीचा तोल गेला. "मेम कशी बदलंल, मालक? मानूस हाये का घोंगडी, जुनी झाली की दुसरी आनायला? तिनं काईच पाह्यलं न्हाई. भावाच्या घरी बसून रचलं सगळं. तंबूत गेलीच न्हाई ती."

सुभद्रा दारात उभी होती. किसनरावांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं भावाचं नाव घेतलं असतं, पूर्णेला माणूस पाठवा म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तिनं फक्त नवऱ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

नवऱ्यानंच खोटं म्हटल्यावर गावाला काय लागतं? आठ दिवसांत पुसेगावात 'दुसरा भाग' म्हणजे थाप असा अर्थ झाला. कुणी काही वाढवून सांगू लागलं की लोक म्हणत, पुरे, दुसरा भाग नको सांगू. पोरी विहिरीवर सुभद्राकडं बघून खुसखुसत. तिनं गोष्ट सांगणं बंद केलं. ओसरी पुन्हा भरली. रखमाजी पुन्हा डोंगरासमोर विमान नेऊन थांबवू लागला.

दसरा आला. सुभद्रा पहिल्यांदाच म्हणाली, "मीबी येते औंदा."

"मेंढरं कोन पाहील?" रखमाजी म्हणाला आणि एकटाच गाडी घेऊन गेला.

तंबूवर विमानाची पाटी होती. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला तो पुढच्या रांगेत जाऊन बसला. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर सुभद्राची गोष्ट जशीच्या तशी उलगडत गेली. मेमनं किटली उतरवली. विस्तव झाकला. दार ओढलं. ओठाजवळ तीळ नव्हता. तोंडच वेगळं होतं. आणि सुरुवातीला विमान पुन्हा दाखवलं तेव्हा पेटलेला पंख एकच होता.

त्याला शरम वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. समोरचं एकही चित्र त्याच्यासाठी कोरं राहिलं नव्हतं. भाऊ झोपडीच्या दाराशी थांबला तेव्हा तंबूतली माणसं हळहळली. रखमाजीला मात्र परसातल्या बायकांचं हुंदके देणं आठवलं. हे तिनं आधी पाहिलं होतं, आणि त्याच्यापेक्षा चांगलं पाहिलं होतं.

सकाळी त्यानं उत्तमसिंगला गाठलं. तो तंबूच्या दोऱ्या ताणत होता.

"सिंगजी, पहिल्या भागात पंख दोन जळाले व्हते ना?"

उत्तमसिंग हसला. "अरे भाई, परदे पे तो एकच था. दो मैं बोला था. एक बोले तो पब्लिक को मजा नहीं आता."

"म्या तर दोन पाह्यले. डोळ्यानं."

"वो तो मेरी कमाल है," उत्तमसिंग म्हणाला. मेम का बदलली, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. कंपनीनं बदलली असेल, त्यात काय, असं म्हणून तो दोरीकडं वळला.

गाडी घेऊन परत येताना रखमाजीनं सगळ्या वाटेनं ठरवलं होतं, की सांगून टाकायचं. पण गाडी गावात शिरली आणि माणसं आडवी आली. "पाहिला का? वाचला का साहेब?" तेव्हा त्यानं ओसरीवर बसून दुसरा भाग सांगितला. स्वतःचा. दोन्ही पंख पेटलेलं विमान त्यानं नदीत उतरवलं, तिळाची मेम नावेतून आणली, तुटक्या कानाच्या भावाला मगरीच्या तोंडी दिलं. लोक खूश झाले. किसनराव म्हणाले, "हा खरा दुसरा भाग."

पाठीमागं सुभद्राचा चरखा एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. रखमाजीनं वळून पाहिलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं ती गोष्ट त्या घरात होती आणि तिच्याबद्दल एक शब्द निघाला नाही. बाकी संसार नीट चालला. एक मुलगी झाली, माग दुरुस्त झाला, मेंढरं पन्नासावर गेली. फक्त ओसरीवर दुसरा भाग सुरू झाला की सुभद्रा उठून परसात जाई, आणि ती उठली की रखमाजीची मगर जरा अडखळे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांचा धाक वाढला आणि पुसेगावची पुष्कळ घरं निजामाची सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, रिसोडकडं गेली. रखमाजीही मेंढरं घेऊन गेला. तिकडं एका आमराईत सगळ्यांनी पालं ठोकली. माणसांच्या हाताला काम नव्हतं आणि घरची काळजी जात नव्हती. एका सकाळी किसनरावच म्हणाले, "रखमाजी, सांग बाबा काहीतरी. तो डाकवाला सांग."

रखमाजीनं सुरुवात केली. ऐकणाऱ्यांत पुनमचंद नावाचा लोकरीचा व्यापारी होता, माल बघायला आलेला. विमान पेटलं तसं तो म्हणाला, "हे तर आम्ही अकोल्याला पाहिलंय. दोन्ही भाग. पण पंख एकच जळतो की."

रखमाजी थांबला.

"आणि मगर कुठली? तो भाऊच त्याला उचलून आणतो. ती बाई मात्र त्यांनी दुसरीच घेतली होती. आम्ही लई हसलो."

मग एकेक मान सुभद्राकडं वळली. बनाबाई तेव्हा फार थकलेली होती, तीही वळून बघायला लागली. आणि त्या क्षणी, रखमाजीनंच हे पुढं सांगितलं, त्याला आधी तोच जुना चटका बसला, की सगळे तिच्याकडं बघतायत. मग त्याला तिचं तोंड दिसलं. तिला आनंद झालेला नव्हता. ती नुसती थकल्यासारखी दिसत होती.

"एकच पंख," रखमाजी म्हणाला. "हिचंच बराबर व्हतं. म्याबी पाह्यला व्हता दुसरा भाग, त्याच साली. म्या खोटं सांगितलं. हिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं, तेबी खोटं."

किसनराव खाकरले. "काहून रे?"

"पोटात दुखलं, मालक. हिनं आदी पाह्यला म्हनून."

दुपारी मेंढरांना पाणी दाखवताना तो तिला म्हणाला, "तुला तकलीफ दिली म्या."

"मला ठावं व्हतं," सुभद्रा म्हणाली. "तुमी हिंगोलीहून आले, आन् चार दिस माह्याकडं पाह्यलंच न्हाई. तवाच कळालं."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"मी काहून बोलू? खोटं तुमी बोलले. मिटवायचं तुमी." मेंढरांना पुढं हाकत ती म्हणाली, "लई राग व्हता मला. अजूनबी हाये थोडा."

बायकांनी तिला पुन्हा गोष्ट सांग म्हटलं तर तिला ती धड आठवेना. अकरा वर्षं तिनं ती मनात येऊ दिली नव्हती. रखमाजीला मात्र भिंतीपलीकडून ऐकलेला शब्द न् शब्द आठवत होता. मग तो तिच्याच गोष्टीतल्या जागा तिला सांगू लागला, मेम किटली उतरवते, मग विस्तव झाकते, आणि ती ऐकता ऐकता मध्येच म्हणे, "न्हाई, आदी कुत्र्याला आत घेती," आणि पुढचं स्वतः सांगे.

सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. लोक परतले. घराचं एक दार गेलं होतं, माग जागेवर होता. त्या दसऱ्याला हिंगोलीची जत्रा लहानच भरली, आणि मेंढ्या व्यायला आल्या होत्या. रखमाजी म्हणाला, "तू जा घोंगड्या घेऊन. संतराम येईल सोबतीला." हे म्हणायला त्याला तीन दिवस लागले होते.

सुभद्रा सहा दिवसांनी आली. ओसरीवर बायका-माणसं जमलीच होती. ती पाणी प्याली, पाय पुसले आणि म्हणाली, "औंदा पडदा बोलत व्हता. उत्तमसिंग न्हाई, काठी न्हाई. मेम इंग्रजीत एवढं बोलली, एवढं बोलली, मला एक अक्षर कळालं न्हाई."

"मंग गोष्ट कशी कळाली?" रखमाजीनं मागावरून विचारलं.

"तोंडावरून," ती म्हणाली आणि सांगायला लागली.

रखमाजीनं धोटा बाजूला ठेवला आणि ऐकू लागला. मधे एकदा त्याला वाटलं, हे असं नसणार, बोलणं कळल्याशिवाय हिला एवढं कसं कळलं. पण तो बोलला नाही. पोटातली जळजळ काही गेली नव्हती. पुढच्या साली मेंढ्या व्यायल्या तरी आपणच जायचं, हे त्यानं तिथं बसल्या बसल्या ठरवूनही टाकलं.